पूर्वज्ञानाचा रकाना



वसंत व्याख्यानमालेत बोलावयास यावे असे चालकांचे पत्र आले तेव्हा आम्ही प्रथम नकारच कळविला होता. या व्यासपीठावर मोठमोठे पंडित बोलून गेले. आम्ही पडलो प्राथमिक शाळेतले मास्तर. वयाची नव्वदी मागे पडली आहे, आवाज पूर्वीसारखा राहिलेला नाही, आणि हातात खडू नसला की बोलणे सुचत नाही ही आमची जुनी खोड. परंतु चालकांनी उलट टपाली लिहिले, "विद्वत्ता नको, अनुभव सांगा." मग नाही म्हणावयास जागा उरली नाही. तेव्हा अनुभव सांगतो. मात्र तो आमच्या यशाचा नव्हे, चुकीचा आहे.

शिक्षकाचे शिक्षण घेत असताना, १९५० साली, आम्ही चौघे शिकाऊ मास्तर कोल्हापूरजवळच्या निर्वासितांच्या वसाहतीत संध्याकाळी मुलांना शिकवावयास जात होतो. त्याची ही हकीकत.

प्रथम ते ठिकाण कोणते, ते सांगावयास हवे. कोल्हापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, शहरापासून चार-पाच मैलांवर, वळिवडे हे गाव आहे. दुसरे महायुद्ध चालू असताना १९४३ साली तेथे एक छावणी उभी राहिली, आणि तीत पोलंड देशाचे सुमारे पाच हजार निर्वासित येऊन राहिले. बहुतेक बायका आणि मुले. १९४० व १९४१ साली रशियाने या लोकांना घरांतून उचलून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकले होते. पुढे सुटका झाल्यावर १९४२ साली ते इराणात आले, तेथून समुद्रमार्गे कराचीस, आणि कराचीहून शेवटी पंचगंगेच्या काठी. थंडीवाऱ्याच्या देशातली ही माणसे उसाच्या मुलखात पाच वर्षे राहिली. त्यांनी तेथे प्रार्थनामंदिर बांधले, नाटके केली, बालवीरांची पथके काढली; आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शाळा काढल्या. शिकविणारेही निर्वासितच होते आणि शिक्षणाची भाषा पोलिश होती. युद्ध संपल्यानंतर ती छावणी हळूहळू उठली आणि १९४८ पर्यंत बराकी रिकाम्या झाल्या.

त्या रिकाम्या बराकींत मग सिंधी निर्वासित आले आणि त्या वसाहतीस गांधीनगर हे नाव मिळाले. आज कापडाची मोठी बाजारपेठ म्हणून आपण ज्या गांधीनगरास लग्नाचा बस्ता बांधावयास जाता, तेच हे गांधीनगर. पोलंडची मुले कराचीमार्गे आली आणि सिंधची मुलेही कराची सोडूनच आली. एकाच बराकीच्या एकाच भिंतीवर दोन देशांच्या मुलांनी कोळशाने रेघोट्या ओढलेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

सिंधी लोकांचे दुःख थोडे वेगळे होते. १९४७ च्या ऑगस्टात देश विभागला गेला तेव्हा पंजाबचे दोन भाग झाले, बंगालचे दोन भाग झाले. सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला. पंजाबी निर्वासिताला निदान पंजाबच्या दुसऱ्या अर्ध्यात जाता आले. तेथे त्याची भाषा बोलणारा शेजारी होता, त्याच्या भाषेतली शाळा होती. सिंधी माणसाला 'आपला अर्धा' म्हणून भारतात काहीच उरले नाही. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि त्यानंतर माणसांची रीघच लागली. कोणी जहाजाने मुंबईस उतरला, कोणी आगगाडीने राजस्थानातून आला. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सुमारे चौऱ्याण्णव हजार माणसे येऊन राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उल्हासनगर झाले. काही पिंपरीस गेले, काही आमच्या कोल्हापूरकडे आले.

आता आम्ही कोण, तेही सांगतो. आमचे वय त्या वेळी अठरा-एकोणीस. ट्रेनिंग कॉलेजात, म्हणजे आजच्या भाषेत अध्यापक विद्यालयात, आम्हांला सराव पाठ घ्यावे लागत. प्रत्येक पाठाचे टाचण आधी वहीत लिहावयाचे. वर्ग, विषय, उद्देश, साहित्य, आणि मग एक रकाना असे: पूर्वज्ञान. नवे शिकविण्याआधी मुलाला काय ठाऊक आहे ते शोधावे, त्यावर नव्याची उभारणी करावी, ही हर्बार्ट नावाच्या जर्मन पंडिताच्या अनुयायांनी घालून दिलेली पद्धत. त्या पद्धतीच्या पाच पायऱ्या आम्हांला देवाच्या पंचारतीसारख्या पाठ होत्या. परीक्षेत विचारले असते तर झोपेतही सांगितल्या असत्या.

गांधीनगरातील मुलांपैकी काहींना शहरातल्या मराठी शाळांत जावयाचे होते. परंतु मराठी येत नाही म्हणून त्यांना पहिलीत बसवीत. दहा-अकरा वर्षांचा मुलगा सहा वर्षांच्या पोरांत. तेव्हा आम्ही चौघांनी उत्साहाने ठरविले की रोज संध्याकाळी सायकलीवर जाऊन या मुलांची मराठीची शिकवणी घ्यावयाची. पैसा घ्यावयाचा नाही. आमच्या अध्यापकांनी ही कल्पना उचलून धरली आणि या शिकवण्या सराव पाठांत धरू असे सांगितले. म्हणजे पुण्य आणि गुण दोन्ही एकाच फेरीत पदरात पडणार होते!

पहिल्या पाठाचे टाचण आम्ही चौघांनी मिळून लिहिले. विषय: अक्षरओळख, ग म भ न. साहित्य: पाट्या, पेन्सिली, खडू, कंदील. आणि पूर्वज्ञानाच्या रकान्यात लिहिले, 'काही नाही'. त्या खाली अध्यापकांची सही झाली. आम्हांला त्यात काही गैर दिसले नाही आणि त्यांनाही दिसले नाही.

पहिल्या संध्याकाळी पंधरा-सोळा मुले आली. ती आम्हांला 'साईं' म्हणत. सिंधीत हा आदराचा शब्द आहे. पुढच्या रांगेत अकरा वर्षांचा एक मुलगा बसला होता. किडकिडीत, कपाळावर केस आलेले, डोळे आमच्या हाताकडे. पाटी हाती पडताच आम्ही काही सांगण्याच्या आत त्याने लिहावयास सुरुवात केली. पण पाटीच्या उजव्या कडेपासून! भराभर तीन ओळी लिहिल्या आणि पाटी आमच्यापुढे धरली. आम्हांला ती अक्षरे कळेनात. आम्ही हसून म्हटले, "असे नव्हे, असे," आणि ओल्या फडक्याने पाटी पुसून डावीकडून मोठा 'ग' काढून दिला.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा त्याच तीन ओळी लिहिल्या. आम्ही पुन्हा पुसल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी त्याने पाटीवर काही लिहिले नाही. आम्ही काढून दिलेला 'ग' तेवढा गिरवीत बसला. आम्हांला वाटले, आता वळण लागले. आठव्या दिवशी तो आला नाही, आणि त्यानंतर कधीच आला नाही.

त्याच बराकीत शिकारपूरचे एक वृद्ध मास्तर राहत होते. तिकडे तीस वर्षे शिकविलेला माणूस, येथे बराकीच्या तोंडाशी बसून पापड वाळवीत असे. आम्ही रोज त्यांच्यासमोरून सायकली रेटीत जात होतो आणि त्यांना एकदाही काही विचारले नव्हते. त्यांच्याकडे त्या मुलाची चौकशी केली तेव्हा ते हिंदुस्थानीत म्हणाले, "मास्टरजी, आपने क्या मिटाया, मालूम है?" आम्ही म्हटले, नाही. तेव्हा त्यांनी समजावून दिले. तिकडे त्यांच्या शाळेत पाटी हाती घेतली की मुलाने प्रथम आपले नाव, मग वडिलांचे नाव, मग गावाचे नाव लिहावयाचे, अशी शिस्त होती. त्या मुलाने त्या तीन ओळींत तेवढेच लिहिले होते. वडील वाटेतच वारले होते. गाव कायमचे सुटले होते. आणि जे उरले होते ते आम्ही तीन दिवस ओल्या फडक्याने पुसले होते.

त्या रात्री परत येताना आम्ही चौघे एकमेकांशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवसापासून वर्ग सुरू होण्याआधी अर्धा तास आम्ही त्या वृद्ध मास्तरांपुढे बसू लागलो. शिकाऊ मास्तरांची खरी शिकवणी ती. काय शिकलो, ते थोडक्यात सांगतो.

पहिले म्हणजे, सिंधी ही अरबी वळणाच्या लिपीत उजवीकडून डावीकडे लिहितात. १८५३ साली इंग्रज सरकारने तिची बावन्न अक्षरे ठरवून दिली. म्हणजे ज्या मुलाला आम्ही ग म भ न शिकवीत होतो, त्याला बावन्न अक्षरे येत होती. शिवाय व्यापाऱ्यांची आणखी एक लिपी, हटवाणिकी. 'हटु' म्हणजे दुकान. दुकानाच्या चोपड्यांची ती लिपी, आपल्या मोडीची चुलत बहीण म्हणा. ती मात्र डावीकडून उजवीकडे लिहितात. या लिपीला शाळेच्या उपयोगाचे ठाकठीक रूप देण्याचे काम मुंबई सरकारने १८६८ साली कोणाकडे सोपविले होते, ठाऊक आहे? नारायण जगन्नाथ वैद्य यांच्याकडे. हे सिंध प्रांताचे शिक्षणखात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर. कराचीत त्यांच्या नावाची शाळा आजही आहे. सिंध १८४७ पासून १९३६ पर्यंत आपल्याच मुंबई इलाख्याचा भाग होता. ऐंशी वर्षांपूर्वी जगन्नाथपंतांचा मुलगा सिंधी पोरांची अक्षरे शिकून घेऊन मग त्यांना शाळा देतो, आणि आम्ही स्वतंत्र भारताचे शिकाऊ मास्तर त्याच अक्षरांना रेघोट्या समजून पुसतो! वृद्ध मास्तरांनी वैद्यांचे नाव मोठ्या आदराने घेतले, तेव्हा आमची मान खाली गेली.

दुसरी गोष्ट उच्चारांची. सिंधीत ळ नाही. आमची मुले 'बाळ' ला 'बाल' म्हणत, 'माळ' ला 'माल' म्हणत, आणि 'वेळ झाली' याचे 'वेल झाली' होई. आम्ही त्यांना दहादहा वेळा म्हणावयास लावीत असू. तेव्हा वृद्ध मास्तर म्हणाले, आता तुम्ही आमचे चार वर्ण म्हणा. सिंधीत ग, ज, ड आणि ब यांचे प्रत्येकी एक जास्तीचे भावंड आहे. ते श्वास बाहेर न सोडता आत ओढून उच्चारतात. देवनागरीत लिहिताना अक्षराखाली आडवी रेघ देतात. 'बारु' म्हणजे ओझे; आणि तोच ब श्वास आत ओढून म्हटला की 'ॿारु', म्हणजे मूल. आम्ही चौघांनी प्रयत्न केला. प्रत्येक वेळी आमच्या तोंडून मुलाऐवजी ओझेच बाहेर पडे! मुले पोट धरधरून हसली. पंधरा दिवसांत ती प्रथमच हसली होती. त्या दिवशी करार झाला: तुम्ही ळ शिका, आम्ही ॿ शिकतो. त्यांना ळ महिन्याभरात आला. आम्हांला ॿ आजही नीट येत नाही.

तिसरी गोष्ट आम्हांला चकित करणारी होती. सिंधी शब्दांच्या शेवटी बारीकसा स्वर असतो. हात म्हणजे 'हथु', कान म्हणजे 'कनु', घर म्हणजे 'घरु'. मुले मराठी बोलतानाही हा उकार सोडीत नसत, आणि आम्ही तो चुकीचा म्हणून काढून टाकीत होतो. आमच्यातल्या एकाच्या घरी ज्ञानेश्वरीचे पारायण चाले. त्याने एक दिवस येऊन सांगितले, "अरे, माउलींच्या ओवीत विवेक 'विवेकु' आहे आणि प्रकाश 'प्रकाशु' आहे. ही पोरे चुकत नाहीत. आपण सातशे वर्षांपूर्वी जे बोलत होतो तसे बोलताहेत!" भाषाशास्त्राचे खोल पाणी आम्हांला ठाऊक नव्हते. पण ज्याला आपण दोष म्हणत होतो तो आपल्याच घरचा जुना दागिना निघाला, एवढे कळले.

चौथी गोष्ट अंकांची. सिंधीत एक, दोन, तीन, चार, पाच म्हणजे हिकु, ॿ, टे, चारि, पंज. आपण बाजारात 'दोन' म्हणतो, पण पाढा म्हणताना काय म्हणतो? 'बे एके बे, बे दुणे चार'! तो 'बे' ऐकताच मुलांचे कान टवकारले. त्या दिवसापासून आम्ही मराठी अक्षरे बाजूला ठेवली आणि आठ दिवस नुसते पाढे म्हटले. एकदा त्यांचे, एकदा आमचे. तोंडी हिशेबात ती मुले आम्हांला मागे टाकीत. ज्याला जे येते त्यात त्याला प्रथम जिंकू द्यावे, मग जे येत नाही ते तो आपण होऊन मागतो, असा अनुभव आम्हांला आला.

एक मुलगी होती, आठेक वर्षांची. ती तीन महिने बोललीच नाही. शेवटच्या रांगेत बसे, एक लहानसे गाठोडे मांडीखाली दाबून. ते ती खेळतानाही सोडीत नसे. आमच्या अहवालाच्या वहीत तिच्या नावापुढे आम्ही 'मंद' असे लिहून ठेवले होते. मराठीत तीन लिंगे, सिंधीत दोनच. म्हणून मुले 'घर मोठा आहे' असे हमखास म्हणत. एके दिवशी एका मुलाने तसे म्हटले आणि मागच्या रांगेतून बारीक आवाज आला, "मोठं." सर्वांनी मागे वळून पाहिले. ती पुन्हा म्हणाली, "घर मोठं आहे." तीन महिने ती गप्प नव्हती, ऐकत होती. आम्ही घरी येऊन वहीतला तो शब्द खोडला. पण शाई ती. खोडले तरी खालचे अक्षर दिसतच राहिले.

गुढीपाडव्याला लागूनच चैत्रात सिंधी लोकांचा चेटीचंड येतो, त्यांचे नववर्ष. १९५१ च्या चैत्रात मुलांनी आमच्यासाठी ताहिरी आणली, म्हणजे गोड भात. आम्ही त्यांना कडुनिंबाची कोवळी पाने आणि गूळ दिला. तोंडे वेडीवाकडी करीत त्यांनी ती खाल्ली. त्या वेळेपर्यंत वर्गातील दहा मुले मराठी पुस्तक अडखळत का होईना वाचू लागली होती. आमचे अध्यापक पाठ पाहावयास आले आणि खूश होऊन गेले. टाचणात या खेपेस पूर्वज्ञानाचा रकाना पुरला नाही म्हणून आम्ही जादा कागद जोडला होता.

परंतु तो पहिल्या रांगेतला मुलगा?

त्याला आम्ही शोधून काढले. कोल्हापूरच्या बाजारात तो कापडाचे तुकडे विकीत होता, खांद्यावर गाठोडे टाकून. एक बाई परकराचे कापड घेत होती. वाराला एक रुपया तीन आणे भाव, अडीच वार कापड. बाई बोटांवर मोजीत होती, आम्ही मनात मोजीत होतो, तोवर तो म्हणाला, "दोन रुपये साडेपंधरा आणे." मग एका चिठोऱ्यावर त्याने ती रक्कम टिपून ठेवली, हटवाणिकीत. आजोबांनी शिकविली होती म्हणे. म्हणजे या मुलाला दोन लिप्या, दोन्ही दिशांनी लिहिता येत होत्या. आणि त्याच्या नावाच्या टाचणात आम्ही लिहिले होते: पूर्वज्ञान, काही नाही.

आम्ही त्याची क्षमा मागितली. एवढ्या लहान मुलाची क्षमा कशी मागावयाची हे ट्रेनिंग कॉलेजात शिकवीत नाहीत. आमची जीभ अडखळली. आम्ही त्याच्यापुढे वही धरली आणि म्हटले, त्या तीन ओळी पुन्हा लिही, आम्ही पुसणार नाही. त्याने लिहिल्या. उजवीकडून डावीकडे. मग त्याच लिपीत आमची चौघांची नावे लिहून दाखविली. "शाळेत ये," आम्ही म्हटले. "येईन, साईं," तो म्हणाला. आणि लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. तो आला नाही. घरात आई आणि दोन धाकटी भावंडे होती, आणि बाजारात पैसे मिळत होते. पण त्याच्या आईने आम्हांला सांगितले ते आम्ही विसरलो नाही. गाठोडे त्याने पैशासाठी उचलले हे खरे. परंतु शाळा सोडली ती पैशासाठी नव्हे. "वहाँ मुझे कुछ नहीं आता," असे तो घरी म्हणाला होता.

बंधुभगिनींनो, पुष्कळ लोक आम्हांला म्हणतात, "मास्तर, त्यात काय एवढे? हे लोक पुढे उत्तम व्यापारी झाले. गांधीनगर पाहा, उल्हासनगर पाहा." खरे आहे. त्या लोकांनी कोणापुढे हात पसरला नाही. रेल्वेच्या डब्यात गोळ्या-बिस्किटे विकली आणि पेठा उभ्या केल्या. त्यांचा पराक्रम त्यांचा. त्यावर आमच्या चुकीचा हिशेब चुकता होत नाही. आणि या व्यापारात काय विकले गेले तेही पाहा. सिंधी भाषेला घटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळाली ती १० एप्रिल १९६७ रोजी. पण परिशिष्टात जागा मिळेपर्यंत शाळेतली जागा जाऊ लागली होती. लिपी अरबी वळणाची ठेवावी की देवनागरी, या वादात वर्षे गेली. आज त्या घरांतली पुष्कळ नातवंडे आजोबांची पत्रे वाचू शकत नाहीत. ती पाटी आम्ही एकट्यांनी पुसली नाही. परंतु पहिले फडके फिरविणाऱ्यांत आम्ही होतो.

वळिवड्याच्या पोलिश लोकांची आठवण आम्हांला म्हणूनच होते. त्यांची मुलेही घरदार सोडून आलेली, पण त्यांच्या शाळेत त्यांना 'काही येत नाही' असे कोणी म्हटले नाही. कारण शिकविणारा त्यांच्यातलाच होता. २०१९ साली वळिवड्यात त्या छावणीचे स्मारक झाले. म्हाताऱ्या झालेल्या त्या मुलांपैकी काही जण इतक्या वर्षांनी तेथे आले होते. ज्या परक्या गावी आपली भाषा पुसली गेली नाही, त्या गावाची माया अशी टिकते.

आम्ही जे ठेच खाऊन शिकलो ते पंडितांनी पुढे शास्त्राने सांगितले. १९५३ साली युनेस्कोने जाहीर केले की मुलाचे शिक्षण सुरू करावयास मातृभाषेसारखे माध्यम नाही. १९८० च्या सुमारास कॅनडातील जिम कमिन्स यांनी दाखवून दिले की पहिल्या भाषेत मिळविलेले ज्ञान दुसऱ्या भाषेत कामी येते. आणि असेही की परके मूल खेळण्याबोलण्यापुरती नवी भाषा दोनएक वर्षांत उचलते, परंतु पुस्तकातल्या विषयांची भाषा पक्की व्हावयास पाच ते सात वर्षे लागतात. मधल्या काळात त्याला 'मंद' ठरविण्याची घाई आपण करतो. आपल्या देशात २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे, शाळा चुकलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या मुलांतच बसवावयाचे आणि मागे राहिलेला भाग भरून काढण्यासाठी त्याला वेगळे शिक्षण द्यावयाचे. ते कलम वाचले तेव्हा आम्हांला पहिलीच्या पोरांत गुडघे मुडपून बसलेले ते अकरा वर्षांचे मुलगे आठवले. साठ वर्षे उशिरा का होईना, कायद्याला ते दिसले.

आज जगात घर सोडावे लागलेल्या माणसांची संख्या केवढी आहे? संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांनी २०२४ च्या अखेरीस ती १२ कोटी ३२ लाख सांगितली. त्यांत शंभरांत सुमारे चाळीस मुले. हे आकडे ऐकले की मन दबून जाते आणि माणूस म्हणतो, आपण काय करणार! पण आमचे सांगणे दूरच्या देशाविषयी नाही. आपल्या गावाबाहेर वीटभट्टी आहे, उसाच्या फडावर कोप्या आहेत, नव्या इमारतींच्या सावलीत पत्र्याची घरे आहेत. त्यांतली मुले कोणी कानडी बोलतात, कोणी तेलुगू, कोणी ओडिया, कोणी आपल्याच मराठवाड्याची मराठी. त्यांना निर्वासित म्हणत नाहीत. परंतु वर्गात त्यांची स्थिती तीच असते. आपल्यापैकी कोणी शिक्षक असाल, कोणी शाळेच्या समितीवर असाल, कोणाच्या घरी अध्यापक विद्यालयात शिकणारा मुलगा-मुलगी असेल. त्यांना आमचा एवढा निरोप द्या: त्या मुलाच्या हाती पाटी दिली की पहिला दिवस तुम्ही काही शिकवू नका. त्याला काय लिहावयाचे आहे ते लिहू द्या. वाचता आले नाही तर वाचून दाखवावयास सांगा. त्याच्या वडिलधाऱ्यांत कोणी पापड वाळवीत बसला असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा.

ती वही आमच्याजवळ अजून आहे. कागद पिवळा पडला आहे. एका पानावर उजवीकडून लिहिलेल्या तीन ओळी आहेत, आणि खाली आमची चौघांची नावे. तिघे जण आता नाहीत. त्या ओळी आम्हांला आता वाचता येतात. मुलाचे नाव येथे सांगत नाही, कारण ते त्याचे आहे. पण गावाचे नाव सांगतो, शिकारपूर. ते आमच्या हातून पुसले गेले होते. आज आपणां सर्वांच्या साक्षीने ते पुन्हा एकदा उच्चारावे, एवढ्यासाठीच येथवर आलो.